पगाराची अनिश्चितता आणि शिक्षकाचा थकवा

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातील एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत 14 वर्षांपासून शिकवतो. मिळणाऱ्या पगारात घर भागत नाही, म्हणून कापसाच्या हंगामात रात्री जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. हल्ली वर्गात जावेसेच वाटत नाही आणि मुलांवर विनाकारण ओरडतो. शेतात वर्षाच्या करारावर राबणाऱ्या सालदाराचे साल तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते, माझे काहीच ठरलेले नाही. हा माझ्या मनाचा दुबळेपणा आहे का?
– एक शिक्षक

उत्तर : नाही. सालदाराची मिळकत थोडी असली तरी रक्कम आणि मुदत त्याला आधीच ठाऊक असते. आपल्याला मात्र अनुदानाचा पुढचा टप्पा कधी मिळेल याचा हिशेब फळ्यासमोर उभे असतानाही करावा लागतो. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवरील 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, तोच शेतकरी ऊसतोडीनंतर, म्हणजे हाती पैसा असताना, बुद्धीच्या चाचण्या जितक्या चांगल्या सोडवतो, तितक्या तोडीपूर्वीच्या ओढाताणीत सोडवू शकत नाही. आपली ओढाताण तर हंगामापुरतीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा थकव्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा वाटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे आहेत. आपले ओरडणे दुसऱ्या अंगात मोडते. 2001 मध्ये राज्याने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्व, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न देण्याचे तत्त्व, लावले, 2009 मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला आणि पुढे 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान देऊ केले. या वाटचालीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना ताणमुक्तीच्या शिबिरात दीर्घ श्वास घ्यायला सांगणे मला अपुरे वाटते.

तरीही काही गोष्टी आपल्या हाती आहेत. घरखर्च आज मिळणाऱ्या रकमेवरच बेतावा. पुढच्या टप्प्याच्या भरवशावर पतसंस्थेचे नवे कर्ज काढू नये, कारण त्याचा हप्ता ठरल्या तारखेला येतो, अनुदान येत नाही. जिनिंगचे काम तूर्त सोडता येणार नाही, हे मी समजू शकतो. परंतु हंगामापुरते पहिले दोन तास अन्य शिक्षकाकडे देण्याची विनंती मुख्याध्यापकांना लेखी करावी. सुटीच्या दिवशीही झोप लागत नसेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर त्याच दिवशी बोलावे.