एकूण बँड पुरेसा, तरी अर्ज अडतो

प्रश्न : मी मराठी माध्यमातून शिकून आता इतिहासात एम.ए. करीत आहे. ऑक्सफर्डमध्ये इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत एकूण ७.५ बँड (म्हणजे गुण) पुरतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : केवळ तेवढ्याने भागणार नाही. तेथे एकूण ७.५ बँडबरोबरच श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या प्रत्येक विभागात किमान ७ बँड लागतात. समजा, श्रवणात ८, वाचनात ८.५, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ मिळाले, तर सरासरी ७.५ भरते, पण लेखनापायी अर्ज अडतो. आमच्या मते मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याने खरा जोर लेखनावरच द्यावा. त्यातही ॲकॅडेमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या, परीक्षेतील लेखनाचा पहिला प्रश्न आलेख किंवा तक्त्याचे वर्णन करायला लावतो, ज्याची इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचितच सवय असते. मात्र दुसऱ्या प्रश्नातील किमान २५० शब्दांच्या निबंधाला त्याच्या दुप्पट वजन असल्यामुळे ६० मिनिटांपैकी ४० मिनिटे निबंधासाठी राखून ठेवावीत. पाठ केलेली भारदस्त वाक्ये तेथे पेरू नयेत, परीक्षकांच्या ती लगेच ध्यानात येतात. निकाल साधारणतः २ वर्षेच ग्राह्य धरला जात असल्याने परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.