उत्तर पत्रात दे, कथेत नको

चि. पोरी,

निपाणीच्या एका वाचकाने तुझं पुस्तक वाचून विचारलं, "यातला महाराष्ट्राचा राजा कोणता आणि कर्नाटकाचा कोणता?" आणि तू लगेच दुसऱ्या आवृत्तीला खुलाशाचं प्रकरण जोडायला निघालीस! जोडू नकोस. जे सांगायचं ते त्याला पत्रातून सांग.

तुझा नावाडी रात्री सीमेचा दगड उपटून नदीत टाकतो आणि सकाळी तो जागच्या जागी उभा असतो, ओला, शेवाळ धरलेला. तिथे माझ्या अंगावर काटा आला. त्या दगडावर कुठल्या सरकारचं नाव होतं, हे कळून काय व्हायचंय?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनची पत्रं वाच. तो गेल्यावर, १९८१ साली ती पुस्तकरूपाने निघाली. त्या कथेतली जादूची अंगठी म्हणजे अणुबॉम्ब का, असं त्यालाही विचारत. १९५६ च्या एका मसुद्यात तो लिहितो, कथा अणुशक्तीची नाही, दुसऱ्यावर हुकमत गाजवणाऱ्या सत्तेची आहे. आणि लगेच पुढे म्हणतो, माझ्या लेखी खरा विषय मृत्यू आणि अमरत्व. (आपल्या घरांत ५६ साल म्हटलं की राज्यांची फेररचनाच आठवते, ते असो.) हे सगळं त्याने पत्रात लिहिलं. त्याच कथेतला टॉम बॉम्बाडिल कोण, हे कोडं तर मुद्दाम ठेवलंय, असं त्याने १९५४ साली एका लेखिकेला कळवून टाकलं. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्याने धर्माच्या अंगाने शंका काढल्या. त्याला लांबलचक उत्तर लिहिलं आणि पाठवलंच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतोय असं वाटलं म्हणून.

तू म्हणशील, 'हॉबिट' या आधीच्या पुस्तकातलं, अंगठी हरवणाऱ्या गॉलमचं प्रकरण त्याने बदललं की! बदललं, पण ते पुढच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या कथेशी जुळावं म्हणून. वाचकाला अर्थ सांगायला नाही. एवढा फरक तुला कळायला हवा.

मला एका प्रकाशकाने सांगितलं होतं, "हे सीमाभागाचं रूपक आहे असं प्रस्तावनेत लिहा, लगेच छापतो." नाही लिहिलं. हस्तलिखित अजून कपाटात आहे. आईला ते छापलेलं बघायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं, फार वाटतं. तरीही आज कुणी विचारलं तर नाहीच म्हणेन. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. खानापूरच्या रानातला माझा राक्षस कुठल्या राज्याचा हे मी सांगितलं असतं, तर तो त्याच पानावर मेला असता.

निपाणीला उद्याच लिही. मनापासून लिही, हवं तर दहा पानं लिही. एवढं वाचून विचारणारा माणूस मिळालाय तुला. आणि ते प्रकरण छापखान्यातून आधी परत मागव.

तुझे,
काका