स्लॅब गळतोय? आधी पाण्याची वाट शोधा, मग वॉटरप्रूफिंगचा डबा उघडा

छताला डाग जिथे दिसतो, बरोबर त्याच्या वर भोक असेलच असं नाही. ब्रिकबॅट कोब्याखाली (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) शिरलेलं पाणी उताराने सरकत जातं आणि स्लॅबला जिथे चीर किंवा वायरिंगचा पाइप सापडेल तिथे उतरतं. त्यामुळे डाग भिंतीपासून किती फुटांवर आहे ते मोजा, तेच माप गच्चीवर घ्या आणि तिथून चढाच्या बाजूने शोधत जा.

पहिल्यांदा बघायचं ते:
- कठडा आणि गच्चीचा सांधा (बहुतेक वेळा चोर इथेच)
- पावसाळी पाइपाचं तोंड
- टाकीचे ओटे, डिश अँटेनाचे बोल्ट

पाऊस नसतानाही ओल वाढतेय? मग आधी टाकी आणि नळाचे पाइप तपासा.

खात्रीसाठी पावसाळी पाइपाचं तोंड बंद करून विटा-मातीचा बांध घाला आणि गच्चीच्या एका भागात दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवा. एका वेळी एकच भाग, नाहीतर काहीच कळणार नाही. खालून सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र पाणी साठवू नका, इंजिनिअरला बोलवा.

नवखे लोक आतून पुट्टी-रंग मारतात. डाग झाकतो, पाणी आतच राहतं आणि सळ्या गंजतात.