विद्यापीठाच्या संघांना आपल्याकडे काही इतिहास, परंपरा असते का, की फक्त सर्टिफिकेट?

प्रश्न असा आहे: "माझी विद्यापीठाच्या खो-खो संघात निवड झाली आहे. परदेशातल्या विद्यापीठांच्या संघांना शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास असतो, ठरलेले रंग असतात, रीतीभाती असतात. आपल्याकडे असं काही असतं का, की फक्त सर्टिफिकेट आणि ग्रेस मार्क?"

आधी निवडीबद्दल अभिनंदन. वयाने माझ्या मुलांएवढी असशील, म्हणून सरळ तू म्हणते.

तुझ्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य माझ्या भावाचं आहे. 1994 साली मी विद्यापीठाच्या संघात निवडले गेले तेव्हा दादा जेवताना हेच म्हणाला होता. "सर्टिफिकेटासाठी पळायचं, दुसरं काय आहे त्यात?" आज तीस वर्षांनीही त्याचं मत बदललेलं नाही. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

इतिहास आहे. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा 1935 पासूनची. मुंबईच्या एका पारशी बापाने मुलाच्या आठवणीसाठी तो करंडक दिला. याच स्पर्धेत मुंबई विद्यापीठाकडून खेळताना अजित वाडेकरांनी 324 धावा केल्या होत्या आणि त्यांचा तो विक्रम सुनील गावसकरांनी 327 करून मोडला. खेळांत एकूण अव्वल ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो, तो 1956-57 पासून चालू आहे. तू ज्याला परदेशातला रंग म्हणतेस तोही आपल्याकडे आहे. 1836 साली ऑक्सफर्डविरुद्धच्या नावांच्या शर्यतीत केंब्रिजच्या नावेला फिकट निळी फीत बांधली होती आणि पुढे तोच त्यांचा रंग झाला. आपण "युनिव्हर्सिटी कलर" म्हणतो, विद्यापीठाकडून खेळलेल्याला "कलर होल्डर" म्हणतो, ते तिकडूनच आलेलं. कलर कोटाचं माप द्यायला शिंप्यासमोर उभी राहशील तेव्हा हे आठव.

पण वाडेकरांच्या धावा आपल्याला माहीत आहेत, कारण क्रिकेटला स्कोअरबुक असतं आणि ते जपणारी माणसं असतात. खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये बांधायला घेतले, म्हणजे खेळ काही कालचा नाही. तरी आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघात 1985 साली कोण होतं, हे विद्यापीठाला सांगता येत नाही. दादा यालाच "इतिहास नाही" म्हणतो. मी म्हणते, इतिहास होता, तो ठेवला गेला नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

आमचा कॅम्प दहा दिवसांचा असायचा. वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला, निघायच्या आदल्या संध्याकाळी जुन्या मुली मैदानावर यायच्या. कुणी पत्र पाठवून बोलवायचं नाही, तारीख त्यांना माहीत असायची. जुन्यांची एक तुकडी पळायची आणि आम्ही नव्यांनी टिपायचं. त्या वर्षी एक ताई आल्या होत्या, शिक्षिका, दोन मुलांची आई. शाळेतून थेट आलेल्या, म्हणून साडीवरच. पदर खोचला, चपला रेषेबाहेर काढल्या आणि तीन मिनिटं आम्हा नऊ जणींच्या हाताला लागल्या नाहीत. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू खांब धरतेस. धरायचा नाही, त्याला हात घालून जायचं." माझा हात त्यांनी स्वतः खांबावर ठेवला. लाकडी खांब, वरचा वीतभर भाग काळपट आणि इतका गुळगुळीत की तिथे लाकडाची रेघ लागत नव्हती. तेवढीच जागा, बाकी खांब खरखरीत. त्यांच्या आधीच्या मुली तिथेच हात घालून वळल्या होत्या, त्या स्वतः वळल्या होत्या, आणि मी दोन वर्षं भलत्याच उंचीवर धरून वेग घालवत होते.

ती स्पर्धा राजस्थानात होती, तिथे आम्ही उपांत्य सामना हरलो. तो एका गुणाने गेला आणि अजून टोचतो. पण त्या सामन्यात मी खांबावर दोन गडी टिपले, दोन्ही वेळा त्या ताईंनी दाखवलं होतं तसेच. दादाला मी घरी आल्यावर हेच सांगत होते, तो विचारत होता की मार्क किती मिळणार.

आता दुखणं सांगते. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाने (नाव लिहीत नाही) एक स्मरणिका काढली. त्यात क्रीडा विभागाचा आढावा होता आणि मुलींच्या खो-खोची सुरुवात 1998 पासून दाखवली होती. मी चौकशीला गेले. तिथल्या बाबूंनी सांगितलं, "मॅडम, त्याआधीचं कंप्यूटरवर नाही." मी म्हटलं, कागदावर असेल. ते म्हणाले, ऑफिस हलवलं तेव्हा जुने कागद रद्दीत गेले. संघांचे फोटोही त्यातच. त्या दिवशी बसस्टॉपवर बसून मी रडले, हे घरी कुणाला माहीत नाही.

मग मला ग्राउंडवरचे मामा आठवले. चुना मारणारे, खांब रोवणारे, किट वाटणारे. निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांचा पत्ता काढून गेले तर त्यांनी कपाटावरून एक लांबट रजिस्टर काढलं. विद्यापीठाचं नव्हे, त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं. दर वर्षी कॅम्पला बूट मागवताना नंबर चुकायचे आणि बोलणी त्यांना बसायची, म्हणून 1979 पासून 2004 पर्यंत प्रत्येक संघातल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव, कॉलेज आणि बुटाचा नंबर त्यांनी लिहून ठेवला होता. माझं नाव सापडलं, पुढे 4. साडीवर पळालेल्या ताई 1981 च्या पानावर सापडल्या. त्यांच्या नावापुढे नंबरच नव्हता, "अनवाणी" लिहिलं होतं. त्या पानावर बारापैकी सात जणी अनवाणी. पुढची पानं उलटली तसे अनवाणी कमी होत गेले, आणि 1990 नंतर एकही नाही. मातीवर पायाच्या बोटांनी जोर घेणाऱ्या मुली कॅनव्हासच्या बुटांवर कधी आल्या, हे मला एवढ्या स्पष्टपणे कुठल्याच कागदात दिसलेलं नाही.

मी ते रजिस्टर पानापानाचे फोटो काढून दादाला दाखवलं. तो म्हणाला, "हा बुटांचा हिशोब आहे, इतिहास नाही." माझं स्पष्ट मत आहे की तो चुकतो. संघ कोण होता, कुठून आला होता, पायात काय होतं, एवढं कळलं की बाकीचं त्या मुलींना शोधून विचारता येतं. मी आजवर एकतीस जणींना फोन केले आहेत. प्रत्येकीला आदल्या संध्याकाळची ती मॅच आठवते. मार्क किती मिळाले ते फक्त दोघींना आठवलं.

म्हणून तुझ्या प्रश्नातली परदेशाची तुलना मला पटत नाही. तिकडे गाणी आणि झेंडे आहेत कारण ते जपायला पैसा आणि माणसं ठेवली आहेत. आपल्याकडे माणसं होती, पगारी नव्हती एवढंच. पैलवान खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. कॉलेजच्या खेळामागे उभं राहण्याची यापेक्षा मोठी रीत कुठल्या देशात असेल तर मला दाखवावी.

तू काय करावंस? कॅम्पच्या पहिल्या दिवशी सगळ्या जणींची पूर्ण नावं, कॉलेज, गाव आणि सामन्यांचे निकाल वहीत लिही, मोबाइलमध्ये नको. ग्रुप फोटोच्या मागे नावं लिही. तुमच्या मैदानावर जुना लाकडी खांब कुठे पडला असेल तर तो शोध. मातीऐवजी मॅट आल्यावर आमच्याकडचा स्टोअरच्या मागे पावसात टाकला होता, तो मी मागून आणला आहे. आणि तुमच्या ग्राउंडवरच्या मामांशी बोल. क्रीडा संचालकांकडे नंतर जा.

हे मी एका खेळाबद्दल आणि एका विद्यापीठाबद्दल लिहिते आहे. मुलांच्या संघांचं वेगळं असू शकेल, आणि मॅटवरच्या खेळात मातीवरच्या काही गोष्टी लागू होणार नाहीत. ग्रेस मार्कांचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, ते तुझ्या कॉलेजच्या जिमखान्यात विचार. सर्टिफिकेटही नीट सांभाळ, त्याला मी नावं ठेवत नाही. माझी नोकरी त्यावरच लागली. दादा हे नेहमी ऐकवतो आणि ते खरं आहे. पण त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही.

शेवटी एक विनंती, हे वाचणाऱ्या जुन्या खेळाडूंना. रजिस्टरातल्या 1983 च्या पानावर पाणी पडलं आहे. अकरा नावं वाचता येतात, बारावं पुसलंय. कॉलेजच्या जागी फक्त "अध्यापक" एवढं उरलं आहे, बुटाचा नंबर 3, आणि बाजूला मामांच्या अक्षरात "घातले नाहीत, परत दिले". मामांना चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. डावखुरी होती आणि खांबाला डाव्या हाताने वळायची, असं ते म्हणतात. ही मुलगी कोण, हे कुणाला माहीत असेल तर मला कळवा.