वापरता वापरता बदलणारं कापड

प्रश्न : ताई, मी फोंड्याला असते, टेक्स्टाईल डिझाईन शिकते. प्रोजेक्टसाठी असं पांघरूण करतेय जे धुवून, वापरून आकार आणि पोत बदलत जाईल. कोऱ्या मांजरपाटाचे दोन थर धावदोऱ्याने शिवले, पण पाच-सहा धुण्यांनंतर ते नुसतंच जुनं दिसतंय. काय चुकलं?

उत्तर : अगं, दोन्ही थर कोरे घेतलेस ना, ते सारखेच आटले, मग फुगणार कोण? आमच्या डिचोलीच्या घरी आईची एक गोधडी आहे, वर-खाली तिची धुवून धुवून मऊ झालेली लुगडी आणि मधे कोरं मांजरपाट. नवी होती तेव्हा अगदी सपाट, पण धुवायला लागल्यावर आतलं कापड आटलं, लुगडी तर आधीच आटून बसलेली, ती टाक्यांच्या दोन ओळींमधे वर उठली. आता हात फिरवला की बारीक लाटा लागतात बोटांना, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. मला ती नव्यापेक्षा आताच जास्त आवडते.

मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, खेचून धरलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि सूतही फुगतं, फुगलेल्या आडव्या धाग्याला वळसा घालायला उभ्याला जास्त लांबी लागते, म्हणून सुती कापड बहुतेक वेळा उभ्या दिशेनेच जास्त आखडतं. तेव्हा कोऱ्या थराचा ताणा टाक्यांच्या ओळींना काटकोनात ठेव. ओळी एक सेंटीमीटरवर घेतल्यास तर बारीक सुरकुती, चार-पाचवर घेतल्यास तर चांगले फुगे. आधी 30 सेंटीमीटरचा चौकोन कापून गरम पाण्यातून काढ आणि मोज, माझा एकदा उभा 28 भरला होता. पॉलिस्टर मिसळलेलं घेऊ नकोस, ते फारसं आटतच नाही.

घासून होणारा बदल वेगळा. जीन्सचं बघ, नीळ सुताच्या वरच्या सालीतच असते, गाभा पांढरा, म्हणून गुडघ्यावर, खिशाच्या कडेला तो उघडा पडतो. पांघरुणाला हात जास्त लागतो तो काठाला, तर निळीचं सूत तिथे वापर, मधे नको.

आणि सध्या पाऊस आहे, कोऱ्या कापडातली खळ नीट निघाली नाही आणि ते ओलसर राहिलं की बुरा येतोच, मग सगळी मेहनत वाया. नवा नमुना चवथीनंतर ऊन पडलं की धुवायला घे. चार कोपऱ्यांत लाल दोऱ्याची खूण घाल, दर धुण्यानंतर तेवढंच अंतर मोजून वहीत लिही.