गरोदर पत्नी जर्मनीत, नोकरी अमेरिकी सैन्यात: बदली कोणत्या मार्गाने मागावी?

प्रश्न: मी अमेरिकी भूदलात सार्जंट आहे, सध्या टेक्सासमध्ये. पत्नी भारतीय नागरिक. श्टुटगार्टला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा युरोपीय वास्तव्य परवाना) नोकरी करते. तिला पाचवा महिना आहे आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. कम्पॅशनेट रीअसाइनमेंटचा, म्हणजे कौटुंबिक आपत्तीमुळे मिळणाऱ्या बदलीचा, अर्ज केला तर श्टुटगार्टला बदली मिळेल का? मित्र म्हणतो, सुट्टी घेऊन जा आणि तिथूनच पाठपुरावा कर.

उत्तर: आधी मित्राचा सल्ला निकालात काढू. सुट्टी संपल्यावर तिथेच थांबलात तर तो लष्करी न्यायसंहितेच्या कलम 86 खालचा गुन्हा ठरतो. 30 दिवस उलटले की नाव फरारी म्हणून नोंदवतात. त्यानंतर बदलीचा विषयच उरत नाही.

आता अर्जाकडे येऊ. कम्पॅशनेट रीअसाइनमेंट ही साधारण वर्षभरात सुटेल अशा कौटुंबिक आपत्तीसाठी आहे: पत्नी-मुलाचा मृत्यू, असाध्य आजार, मोठी शस्त्रक्रिया. भूदलाच्या नियमावलीत पुरेशी न मानली जाणारी कारणंही लिहून ठेवली आहेत आणि गरोदरपणातल्या गुंतागुंती त्यात स्पष्टपणे येतात. गर्भपाताचा धोका किंवा सिझेरियनसुद्धा! वाचून राग येईल, पण नियम तसाच आहे. म्हणून केवळ याच कारणावर अर्ज करू नका. तिच्या प्रकृतीत खरोखर वेगळं, गंभीर निदान असेल तरच डॉक्टरांच्या सहीचं सविस्तर पत्र जोडून करा.

तुमचा खरा मार्ग दुसरा आहे. सेवाकरार संपत आला असेल तर नव्या करारात परदेशी पोस्टिंगचा पर्याय असतो. श्टुटगार्टला अमेरिकेच्या युरोप आणि आफ्रिका कमांडची मुख्यालयं आहेत, तेव्हा जागा मागणं अवास्तव नाही. मात्र ती तुमच्या कामाच्या प्रकारात आणि हुद्द्यात रिकामी असावी लागते. करिअर कौन्सेलरनी (नव्या सेवाकराराचं काम पाहणारा लष्करी सल्लागार) तोंडी काहीही सांगितलं तरी करारात लिहिलेलं नसेल तर त्याला किंमत शून्य. ते करारात लिहून आल्यावरच सही करा.

आणखी एक गफलत इथे होते. पत्नी आधीच तिथे राहते म्हणून ती आपोआप 'कमांड स्पॉन्सर्ड', म्हणजे पोस्टिंगवर सोबत राहायला लष्कराने अधिकृत मंजुरी दिलेली कुटुंबीय, होत नाही. त्यासाठी वेगळी मंजुरी आणि वैद्यकीय तपासणी लागते. सकुटुंब पोस्टिंग 36 महिन्यांची, एकट्याची 24. एकट्याची स्वीकारलीत तर मुदत लवकर संपते खरी, पण कुटुंबाचं सरकारी घर मिळत नाही.

हे सगळं बाळंतपणाआधी जमेलच असं नाही. म्हणून सुट्टीचा हिशेब आत्ताच मांडा. बाळाच्या जन्मानंतर वडिलांनाही वर्षभरात 12 आठवडे पालकत्व रजा मिळते, सलग किंवा कमांडरच्या मंजुरीने तुकड्यांत. प्रसूतीच्या आसपास साठवलेली वार्षिक रजा, मग ही रजा, असं जोडून दोन्ही लेखी मंजूर करून घ्या. मला तर ही रजा बदलीपेक्षा जास्त हाताशी वाटते.

तळावरच्या कायदा सहाय्य कार्यालयात सल्ला मोफत मिळतो. जाताना विवाह प्रमाणपत्र, सेवाकरार आणि पत्नीचे वैद्यकीय कागद न्या.

आणि पत्नीला सांगा, तुमची बदली झाली तरी ब्लू कार्ड सोडायची घाई नको. त्यावर 27 महिन्यांनी, जर्मन भाषा बी-1 पातळीची असेल तर 21 महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. सैनिकाची पत्नी म्हणून मिळणारा दर्जा तुमच्या नोकरीवर टांगलेला असतो, तिचं कार्ड तिच्या स्वतःच्या नोकरीवर.