सेफ्टीचं ट्रेनिंग: आधी मशीन, मग स्टँडर्ड

तुम्ही नव्या डिझाइन इंजिनिअरांना दोन दिवस मशीन सेफ्टी शिकवली, चाचणीत सगळे पास झाले, पण ड्रॉइंगमध्ये काडीचाही फरक पडला नाही. तर सुरुवात कुठल्या स्टँडर्डपासून (म्हणजे छापील मानकापासून) करावी, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, पहिल्या दिवशी स्टँडर्ड उघडूच नका. सगळ्यांना चालू मशीनपाशी न्या आणि ऑपरेटरला बोलतं करा.

मीही आधी स्लाइडवरची कलमं वाचून दाखवायचो. एकदा एका गटाला पॅकिंग मशीन दाखवायला नेलं, तर दार सताड उघडं आणि मशीन चालू. इंटरलॉकची, म्हणजे दार उघडलं की मशीन थांबवणाऱ्या स्विचची, जीभ दारावरून काढून स्विचमध्येच तारेने बांधून ठेवलेली. पोरं लगेच ऑपरेटरला दोष देऊ लागली. त्याला विचारलं तेव्हा कळलं, फिल्म सारखी अडकते, आणि दार उघडलं की मशीन पूर्ण बंद पडून सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. अडकलेली फिल्म काढणं हे रोजचं काम आहे, हे डिझाइन करणाऱ्याने धरलंच नव्हतं. त्यानंतर आयएसओ १४११९ या इंटरलॉकच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधला बायपासचा (इंटरलॉकला चकवण्याचा) मोह कमी करण्याचा भाग समजावायला पाच मिनिटं पुरली.

मग आयएसओ १२१०० घ्या, ते रिस्क असेसमेंटचं, म्हणजे धोके शोधून तोलण्याचं स्टँडर्ड. रिस्क असेसमेंटमध्ये फक्त उत्पादन चालू असतानाचा विचार करू देऊ नका. सफाई, सेटिंग, दुरुस्ती, अडकलेला माल काढणं, प्रत्येक काम वेगळं लिहायला लावा. उपायांचा क्रमही ठरलेला आहे: आधी धोकाच डिझाइनमधून काढायचा, नाही जमलं तर गार्ड आणि संरक्षक साधनं, आणि उरलेल्या धोक्यासाठी सूचना. नव्या माणसाचा हात पहिल्यांदा इशाऱ्याच्या स्टिकरकडेच जातो. तिथे त्याला अडवा.

आकडे हाताने मोजू द्या. लाइट कर्टन म्हणजे हात आत आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. तो धोक्याच्या जागेपासून किती अंतरावर लावायचा हे ठरवताना हात सेकंदाला २००० मिलीमीटर वेगाने पुढे येतो असं धरतात. कर्टन आणि मशीन मिळून थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर नुसत्या वेगाचेच ४०० मिलीमीटर होतात. कर्टनच्या रिझोल्यूशनप्रमाणे (तो किती बारीक वस्तू टिपतो त्याप्रमाणे) येणारी भर वेगळी. ब्रेक झिजून तोच वेळ ०.२४ झाला की ४८० लागतात, पण कर्टन आहे तिथेच असतो. स्टॉप टाइम मीटर लावून हा फरक ज्याने स्वतः पाहिला, तो मेंटेनन्सच्या तक्त्यात ही तपासणी विसरत नाही.

आयएसओ १३८४९, म्हणजे सेफ्टीच्या कंट्रोल सर्किटचं स्टँडर्ड, त्याबाबतही तेच. सॉफ्टवेअरमधून ‘पीएल डी’ (सर्किटच्या भरवशाची एक पातळी) छापून आलं म्हणजे काम झालं नाही. मी एक सर्किट देतो: ई-स्टॉपपासून (आणीबाणीच्या बटणापासून) सेफ्टी रिलेपर्यंत दोन चॅनल, म्हणजे दोन स्वतंत्र मार्ग, पुढे मोटरला मात्र वीज जोडणारा-तोडणारा एकच काँटॅक्टर. त्याचे काँटॅक्ट वेल्ड झाले, म्हणजे एकमेकांना चिकटून बसले, तर काय होईल, एवढंच विचारतो. वर्ग शांत होतो.

कायदा शेवटी, पण घाईत उरकू नका. स्टँडर्ड म्हणजे कायदा नव्हे. युरोपात हार्मोनाइज्ड (युरोपीय कायद्याशी जोडलेलं) स्टँडर्ड पाळणं ऐच्छिक आहे; पाळलं तर त्यात येणाऱ्या कायदेशीर गरजा पूर्ण झाल्या असं गृहीत धरलं जातं. बंधनकारक आहे तो कायदा: आज मशीनरी डिरेक्टिव्ह २००६/४२/ईसी, २० जानेवारी २०२७ पासून रेग्युलेशन २०२३/१२३०. प्रत्येक सुट्या भागावर सीई (युरोपीय नियमांत बसल्याची खूण) आहे म्हणून जोडलेलं मशीन आपोआप नियमात बसतं, हा गैरसमज मला अनुभवी लोकांतही सापडतो. नव्या रेग्युलेशनप्रमाणे मशीनमध्ये मोठा, सुरक्षिततेवर परिणाम करणारा बदल करणाऱ्यावर उत्पादकाची जबाबदारी येऊ शकते. जुन्या मशीनवर रोबो बसवणाऱ्यांना हे आधी सांगा.

लेखी चाचणी काढून टाका. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्याच एका जुन्या ड्रॉइंगचं रिस्क असेसमेंट करायला लावा आणि ते ऑपरेटरसमोर मांडू द्या. गट पाच-सहा जणांचाच ठेवा. त्याहून जास्त झाले की मागे उभ्या असलेल्यांना मशीनच्या आतलं काही दिसत नाही.